सुरूला पाजलेली पेज

आमच्या हॉलमध्ये सध्या एक झाड बादलीत उभं आहे. सुरूचं आहे, माझ्या खांद्याएवढं. मुलीच्या शाळेत नाताळचं नाटक झालं, त्यात तिला मेंढपाळाचं काम मिळालं, आणि तेव्हापासून घरात झाड हवंच असा तिनं धोशा लावला. प्लास्टिकचं चालणार नाही, खरंच पाहिजे. शेवटी तिच्या बाबांनी वैनगंगेच्या पुलापलीकडच्या एका नर्सरीवाल्याकडून सुरूचा शेंडा तोडून आणला, ऑटोतून, अर्धा बाहेर लोंबत. ऑटोवाला भंडाऱ्यापर्यंत विचारत होता म्हणे, हे कोणत्या पूजेले लागते.

झाड आल्यावर मुलगी मोबाईल घेऊन बसली आणि तोडलेलं झाड घरात ताजं कसं ठेवायचं ते मोठ्यानं वाचायला लागली. बुंध्याचा बोटभर तुकडा घरी आणल्यावर पुन्हा कापायचा, नाहीतर चीक सुकून कापाचं तोंड बंद होतं आणि झाडाला पाणी ओढता येत नाही. पाणी कापाच्या खाली उतरू द्यायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही, चुलीच्या धगीला ठेवायचं नाही. आणि पाण्यात काही म्हणजे काही घालायचं नाही.

"आई, ऐकतेस ना? साधं पाणी."

ऐकत होते. सदतीस वर्षं उशिरा ऐकत होते, एवढंच.

सुरूला तसा फार वास नाही. पण तोडलेल्या जागी ओल्या सालीचा एक तुरट वास येतो, आणि फांदी हातानं चुरली की तो बोटांना राहतो. मी मुलीच्या नकळत एक काडी चुरून पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि त्याचं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं घर आंधळगावला, विणकरांच्या गल्लीत. दिवस उजाडला की दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज सुरू व्हायचा, तो दिवेलागणीपर्यंत. पाहुण्यांना त्या आवाजानं डोकं दुखायचं, आम्हाला तो थांबला की दुखायचं. बाबा खड्ड्याच्या मागावर सुती लुगडी विणायचे. आई भाताची पेज काढायची, ती गाळून, पातळ करून बाबा कुंच्यानं ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला पाजायचे. गल्लीत लांबवर ताणे बांधलेले असत आणि त्यांच्यावरून पेजेचा कोमट, आंबूस वास यायचा. माझ्या लहानपणाला काही वास असेल तर तो आहे.

घराची पुढची खोली सिस्टरबाईंना दिलेली होती. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पांढरं पातळ, काळ्या पट्ट्याचं घड्याळ, आणि अंगाला स्पिरिटचा वास. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली, मीसुद्धा. त्यांचे यजमान लवकर गेले होते. एक मुलगा, विजयदादा. तो मी सात वर्षांची असताना घर सोडून गेला. का गेला ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि पुढे विचारायचं तोंड मला राहिलं नाही.

डिसेंबर आला की सिस्टरबाईंची खोली आम्हा पोरांना दुसरं गाव वाटायची. हंडीत वाळू तापवून त्यात त्या केक भाजायच्या. अनारसे, करंज्याही करायच्या, म्हणजे आमची दिवाळी महिन्याभरानं परत यायची. आणि झाड यायचं. नाकाडोंगरीकडे त्यांच्या ओळखीचा एक माळी होता. तो सुरूचा शेंडा तोडून एसटीच्या टपावर टाकून द्यायचा. कंडक्टर शिट्टी मारून ते खाली सोडायचा, आणि आम्ही पाच-सहा पोरं ते धरून वरातीसारखं गल्लीत आणायचो. दारात झाड आलं म्हणून बाया बाहेर येऊन त्याला हळदकुंकू लावायच्या. सिस्टरबाई हसायच्या आणि लावू द्यायच्या.

झाड उभं राहायचं त्यांच्या सासूच्या पितळी गुंडात. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या घागरीला गुंड म्हणतात. त्याचं तोंड अरुंद, त्यामुळे बुंधा विटेच्या तुकड्यांनी पक्का बसायचा. शोभेला आम्ही मागाखालचे तुटके धागे वेचून न्यायचो. लाल, जांभळे, हिरवे, हळदी रंगाचे. सबंध वर्षाचं तुटलेलं सूत त्या झाडावर लटकायचं. बाबा एकदा ते पाहून म्हणाले, इतकं तुटते काय आपलं, मले मालूम नोयतं.

शेंड्यावरची चांदणी मात्र विजयदादाच बांधायचा. यजमानांनी घातलेली रीत होती ती. घरचं सगळं माणूस आल्याशिवाय झाड काढायचं नाही, आणि चांदणी घरच्या पोरानं बांधायची. तो गेल्यावर एक नाताळ झाडाशिवायच गेला. सिस्टरबाईंनी माळ्याला निरोपच दिला नाही. त्या वर्षी त्यांच्या खोलीतून केकचा वासही आला नाही.

दुसऱ्या वर्षी, मी नऊ वर्षांची असताना, त्याचं पोस्टकार्ड आलं. नाताळला घरी येतो, एवढंच. सिस्टरबाईंनी ते कार्ड माझ्या आईला दाखवलं, दवाखान्यातल्या बाईला दाखवलं, शेवटी मलाही वाचायला दिलं. मी अडखळत वाचलं तर म्हणाल्या, परत वाच. त्या वर्षी झाड नेहमीपेक्षा मोठं आलं. चांदणी खिडकीच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवली.

पंचवीस तारखेला तो आला नाही. दुसरं कार्ड आलं की सुट्टी मिळत नाही, आठ-पंधरा दिवसांत येतो, नक्की येतो. सिस्टरबाई म्हणाल्या, ठीक आहे, झाड आहे तसं राहू द्या. त्यांची ड्यूटी दिवसभराची, कधी बाळंतपणासाठी आसपासच्या खेड्यांत जावं लागायचं. म्हणून झाडाचं काम त्यांनी मला दिलं. खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "रोज गुंडात पाणी पाहजो. विजू येईपर्यंत हे हिरवं राह्यलं पाह्यजे, मंग काही का होईना."

एवढा विश्वास माझ्यावर तोपर्यंत कोणीच टाकला नव्हता. घरी मला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला तरी मागून "सांडवू नोको" यायचं. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी त्या खोलीत जायची. बोट घालून पाणी बघायची. संध्याकाळी सिस्टरबाई ड्यूटीवरून आल्या की पायसुद्धा न धुता बस-स्टॉपवर जायच्या, भंडाऱ्याहून येणारी शेवटची गाडी पाहायला. येताना एकट्याच यायच्या. झाडाकडे बघायच्या, त्याच्या फांदीला हात लावायच्या आणि म्हणायच्या, हाये अजून हिरवं. मला वाटायचं, हे मला शाबासकी म्हणूनच म्हणतात.

त्या दिवसांत कोरडा वारा सुटला होता. बाबांच्या मागावर ताणे तुटत होते. बाबा चिडून होते, आई दिवसातून दोनदा पेज शिजवत होती. झाडाच्या टोकांना थोडा पिवळेपणा आल्यासारखा मला वाटला. खरंच आला होता की माझ्या मनाचे खेळ होते, आता सांगता येणार नाही. मी बाबांना विचारलं की वाऱ्यानं सूत तुटते तर तुम्ही काय करता. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, पेज पाजा लागते, पेजेनंच त्याच्यात जीव येते.

झालं. विणकराच्या पोरीला यापुढे कोणाला विचारायची गरज काय. माणूस आजारी पडला की पेज, सूत तुटलं की पेज, वासराला शक्ती नाही तर पेज. आमच्या घरात पेजेनं बरं झालं नाही असं काही मी पाहिलंच नव्हतं. आईनं गाळून ठेवलेल्या पेजेतला एक गडू मी ओढणीखाली लपवून नेला आणि गुंडात ओतला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. चार दिवस पाजली. गुंड पितळेचा, आतलं कोणाला दिसायचं कारणच नव्हतं.

आज मुलीच्या मोबाईलनं मला समजावलं तसं तेव्हा कोणी समजावलं असतं तर! पेज बुंध्याच्या कापावर बसली, चिकटली, तिनं तोंड लिंपून टाकलं. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं. पाचव्या दिवशी खोलीत आंबूस वास आला. सहाव्या दिवशी सकाळी फरशीवर काड्यांचा पिंगट सडा पडला होता. मी तो झाडून काढला. दुपारी पुन्हा पडला. मग घाबरून मी गुंड रिकामा केला, विहिरीचं गार पाणी भरलं, देवासमोर उदबत्ती लावली, सिस्टरबाईंच्या भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीपुढेही एक लावली. झाडानं त्यातल्या कोणाचं ऐकलं नाही. रंगीत धाग्यांच्या मधून आतली वाळकी काठी दिसायला लागली.

सिस्टरबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसून झाडाकडे बघत राहिल्या. आई त्यांना समजावायला गेली, वारा किती कोरडा आहे पाहा, झाड ते, वाळणारच. त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं नाही, बाई. आता तो येत नाही."

त्या संध्याकाळी त्या गाडी पाहायला गेल्या नाहीत. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हातानं सगळे धागे सोडले, झाड मोडून आमच्या न्हाणीच्या चुलीशी टाकलं, चांदणी पेटीत ठेवली. मोठी रजा टाकली आणि बालाघाटला बहिणीकडे निघून गेल्या. वाळका सुरू तडतडून जळतो. त्या झाडानं तापवलेल्या पाण्यानं मी दोन दिवस अंघोळ केली.

इथपर्यंतची गोष्ट मी माझ्या नवऱ्याला सांगितलेली आहे. तो म्हणाला, अगं लहान होतीस. बरोबर आहे, लहान होते. यापुढची गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.

त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आई-बाबा दोघं बाजारात गेले होते. सगळी गल्लीच गेली होती, माग बंद होते. मला कसर, बारीक ताप होता म्हणून मी घरी, ओसरीवर गोधडी घेऊन बसले होते. दुपारची बस गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी विजयदादा दिसला. दाढी वाढलेली, खांद्याला बॅग, पायात नवे बूट. त्या बुटांचा करकर आवाज मला आजही येतो. तो सरळ पुढच्या खोलीशी गेला आणि कुलपाला हात लावून उभा राहिला.

मग त्यानं मला पाहिलं. विचारलं, आई ड्यूटीवर आहे का. मी मान हलवून नाही म्हटलं. तो खिडकीतून आत डोकावला.

"झाड नाही लावलं यंदा?"

मला बालाघाट माहीत होतं. त्याच्या मावशीचं घर कुठल्या मोहल्ल्यात आहे तेही माहीत होतं, सिस्टरबाईंनी आईला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि ती चिठ्ठी आमच्या देव्हाऱ्यात होती, माझ्यापासून चार हातांवर. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. हा आईला भेटेल, आई सांगेल झाड वाळलं, हा विचारेल काहून वाळलं, आणि मग पेज निघेल. मी म्हटलं, "नाही लावलं."

कुठं गेली, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मले मालूम नाही.

त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो उभ्यानंच प्यायला, अर्धा तांब्या परत दिला आणि पायरीवर थोडा वेळ बसला. पायरीच्या कोपऱ्यात झाडाच्या चार काड्या राहिल्या होत्या, त्या त्याच्या बुटाखाली होत्या. त्याला त्या दिसल्या नाहीत. "बरं," म्हणाला आणि उठला. गल्लीच्या तोंडाशी एकदा वळून पाहिलं, घराकडे, माझ्याकडे नाही. ज्या बसनं आला तीच पुढे तुमसरला जाऊन परत यायची, ती पकडून गेला असावा. बाजारातून पहिलं माणूस गल्लीत यायच्या आत गेला.

काय समजला असेल तो? येतो म्हणून दोनदा कळवलं, आणि आईनं झाड लावलं नाही, खोलीला कुलूप घालून निघून गेली. मला हे मोठेपणी कळलं, असं नाही. तो पायरीवरून उठला तेव्हाच थोडं कळलं होतं. पण मी गोधडी डोक्यावरून घेतली.

महिन्याभरानं सिस्टरबाई परतल्या त्या बदलीचा कागद घेऊनच. सामान बैलगाडीत चढत होतं. त्या चौकटीत उभ्या राहून आईला म्हणाल्या, मी नसताना कोणी आलं तर नाही ना. आईला जे माहीत होतं ते ती खरंच बोलली. कोणी नाही, सिस्टरबाई. मी आईच्या मागे तिचा पदर धरून उभी होते. सिस्टरबाईंनी माझ्या गालाला हात लावला आणि गाडीत बसल्या. पितळी गुंड शेवटी चढला, तो रस्त्यानं वाजत गेला.

पुढे मी शिकले, लग्न होऊन भंडाऱ्याला आले. सिस्टरबाई निवृत्त होऊन इथेच राहतात, भाचीकडे, हे मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे. भांड्यांच्या बाजारात दोनदा त्या समोरून आल्या. दोन्ही वेळा मी दुकानात शिरले, एकदा तर नको असलेली परात घेऊन बाहेर आले. आंधळगावला आता मागांचा आवाज येत नाही. बाबा गेले, आई गेली. त्या दुपारचं जाणणारी मी एकटी आहे, आणि तो, कुठे असेल तर.

पण हॉलमधलं झाड काही मला बसू देईना. दहा दिवस झाले, साध्या पाण्यावर ते तसंच हिरवंगार आहे. मुलगी रोज खाली वाकून पाणी मोजते. परवा दुपारी मी अनारशांचा डबा घेतला आणि गेले.

सिस्टरबाई पंच्याऐंशीच्या आहेत. खूप लहान झाल्या आहेत अंगानं. भाचीनं त्यांना उन्हात खुर्ची टाकून दिली होती. मी नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, तर म्हणाल्या की तू उलटी जन्मली होती, तुह्या मायनं लय सोसलं. मग बराच वेळ गल्लीतल्या एकेकाचं विचारलं. कोण गेलं, कोण आहे. आवाज अजून तसाच खणखणीत. विजयदादाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि भिंतीवर त्याचा एक शाळेतला फोटो होता, त्याच्या पुढचा एकही नव्हता.

मी घाई केली, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. म्हटलं, सिस्टरबाई, ते झाड मी मारलं. पेज पाजली होती मी.

त्या हसल्या. "मालूम आहे मले. आंबट वास नोयता काय येत खोलीत? मी नर्स होती बाई, नाक होतं मले."

मी विचारलं, मग मला बोलल्या का नाही.

"कायले बोलू? तुले वाईट करायचं होतं थोडी." त्या माझ्या डब्याचं झाकण बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "आयक. मी रोज त्या गाडीवर जाऊन राहिली होती. लोक पाहत. ते झाड हिरवं राह्यलं असतं ना, तर मी जलमभर गेली असती. वाळलं, तवा मी उठली. बदली मागतली, काम केलं, झोप लागाले लागली. तो येणारच नोयता. हे मनाले पटलं म्हणून जगली मी. तुह्या पेजेनं माह्यावर उपकारच केले, पोरी."

 दुसरी गोष्ट, त्या दुपारची, जिभेवर होती. ती सांगायला तर आले होते. पंच्याऐंशी वर्षांची बाई समोर बसली होती, रोज झोप लागणारी, तो येणारच नव्हता हे पटून सदतीस वर्षं जगलेली. भाची चहा घेऊन आली. मी तो घेतला. साखर जास्त होती.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि पुटपुटत प्रार्थना केली, माझ्या नावानं, माझ्या लेकीच्या नावानं. बराच वेळ केली. मी हलले नाही. त्यांची प्रार्थना पुरी होईपर्यंत मी ते हात डोक्यावर राहू दिले.